एकच भाववाले सर

माझ्या भांड्याच्या दुकानावर एक माडी आहे. तिथं बरीच वर्षं एक सर भाड्यानं राहिले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर ते सिरसाळ्याला येतील, गल्ल्यासमोर बसतील आणि चहा यायच्या आधी विचारतील, "आप्पा, नाव लिहिण्यामागचा उद्देश काय?"

हा त्यांचा सवाल होता. न्हाव्यानं वस्तरा उचलला की उद्देश काय. कंडक्टरनं घंटी मारली की उद्देश काय. राहायला आले त्या दिवशी आमच्या मंडळीनं त्यांना जेवायला बोलावलं. ताटावर बसले, भाकरीकडं बघितलं आणि म्हणाले, "काकू, आज बाजरी. उद्देश?"

मंडळी म्हणाली, "पोट भरणं."

सर खूश. "बघा आप्पा, उद्देश स्पष्ट असला की अर्धं काम झालं." त्यावर मंडळीनं अर्धीच भाकर वाढली. तेव्हापासून घरात त्यांचं नाव उद्देशसर पडलं.

मला शाळा चौथीची. पण उमर गल्ल्यावर गेलेली आहे. वाचता येतं, लिहिता येतं, आणि समोरचा काय लपवतोय तेही कळतं. तेव्हा हे लिहिलेलं कुणी सुधारून देण्याची तसदी घेऊ नये.

सर मूळचे तलवाड्याचे. आमच्याकडच्या कॉलेजात तासावर शिकवायचे. तासावर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि उन्हाळ्यात कॉलेज बंद तर पगारही बंद. पण राहणी साहेबाची. गळ्यात टाय. उन्हाळ्यात शर्ट सोसत नसे, तर बनियनवर टाय बांधून माडीच्या कठड्याला उभे राहत. खालून बाजाराला आलेले लोक माना वर करून बघत जात. मी एकदा म्हणालो, "सर, शर्ट तरी घाला, न्हाईतर हे तरी काढा."

"आप्पा, शर्ट ही सवय आहे. टाय ही भूमिका आहे."

भूमिका उकाड्यात ओली व्हायची, पण काढली नाही.

ते दिवस नवे होते. सरकारनं दारं उघडली, आता बाहेरचा माल येणार, असं पेपरात रोज यायचं. सर तो पेपर माझ्या गल्ल्यावर पसरून सांगायचे, "आप्पा, उदारीकरण आलं. बाहेरचे आपल्या बाजारात उतरणार."

"उतरू द्या की. परळीवाले तर आधीच उतरलेत."

"परळी नाही हो. अमेरिका."

"ते मोड घेतात का?"

मोड म्हणजे जुनी, फुटकी भांडी. ती वजनावर घ्यायची आणि नव्यात वळती करायची. ज्याला मोड घेता येत नाही त्यानं आमच्याकडं भांड्याचं दुकान टाकू नये. सर म्हणाले, "हा मुद्दा मी नोंदवून घेतो." कुठं नोंदवला, विचारू नका. भिंतीवर.

त्या भिंतीचं सांगितलं पाहिजे. त्यांच्या कॉलेजचे अध्यक्ष मोठे जमीनवाले, राजकारणातले. बीडला मॅनेजमेंटचं कॉलेज काढायचं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "जूनच्या आत मॅनेजमेंटची डिग्री आणा, तुम्हाला पर्मनंट करतो. न्हाई आणली तर माझा भाचा हाय. त्याचा बाप रोज दारात बसतोय." सरांनी पोस्टानं अभ्यास करून पेपर सगळे काढलेले होते. राहिला होता शेवटचा प्रोजेक्ट. एखाद्या धंद्याचा अभ्यास करायचा, त्याचं बाड बांधायचं आणि औरंगाबादला परीक्षकापुढं तोंडी परीक्षा द्यायची. एवढं झालं की पर्मनंट. पर्मनंट म्हणजे उन्हाळ्यातही पगार. तलवाड्यात त्यांच्या लग्नाची बोलणी त्या एकाच शब्दावर अडकून बसलेली होती. मुलीचा बाप दर खेपेला विचारायचा, "झालात का?"

तर सरांनी प्रोजेक्टचं नियोजन सुरू केलं. माडीच्या भिंतीवर कोळशानं चौकटी आखल्या. वर महिने, बाजूला कामं. पहिल्या चौकटीत लिहिलं, "नियोजनाचे नियोजन." काम मागं पडलं की माणूस काम उरकतो. सर चौकटी पुसून नव्यानं आखायचे. मग प्लॅन बरोबर आणि सर वेळेवर. दिवाळीला मंडळी चुना घेऊन माडीवर गेली, तर हे दारात आडवे. "काकू, माझं अख्खं दुसरं सत्र त्या भिंतीवर आहे." त्या साली तीन भिंती पांढऱ्या झाल्या आणि चौथी तशीच राहिली.

अभ्यासाला धंदा कोणता घ्यायचा हेही ठरेना. आधी त्यांना मोठा कारखाना पाहिजे होता. अशाच एका कारखान्याच्या गेटवर गेले. वॉचमननं विचारलं, "काय काम हाय?" म्हणजे उद्देशच विचारला. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी उद्देश विचारला होता. सर जे सांगायला लागले ते सांगतच राहिले. वॉचमन जेवून आला तरी उद्देश संपला नव्हता. मग त्यानं गेट लावून घेतलं. सर संध्याकाळच्या एसटीनं परत आले, माझ्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "आप्पा, तुमचं दुकान हीच माझी कंपनी."

"भाडं कमी हुणार न्हाई," मी म्हणालो.

पहिलं काम निघालं पाहणीचं. सर आठवडी बाजारात छापील कागद घेऊन बसले. घरात माणसं किती, भांडी किती, कोणती नाहीत, कोणती लागतात. एकानं विचारलं, "हे कशापाई?" सर म्हणाले, "तुमच्या गरजा समजून घेण्यासाठी." झालं. आमच्याकडं गरजा फक्त सरकार समजून घेतं. बाजार उठायच्या आत गावोगाव बातमी गेली की सरकार भांडी वाटणार आहे आणि नावं आप्पाच्या दुकानी लिहून घेतात.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेलो तर ओटा दिसेना. माणसं रेशनकार्डाच्या झेरॉक्स घेऊन बसलेली. एका पुढाऱ्यानं तर येऊन मला हार घातला आणि लोकांना सांगितलं की ही योजना आपणच मुंबईला खेटे घालून मंजूर करून आणली. आदल्या दिवशी माझ्याकडून परात नेलेला माणूस परात परत घेऊन आला. म्हणाला, "फुकट यायलीय तर इकत कशाला?"

मी वैतागलो. सर मात्र वर बसून कागद लावत होते. घरात भांडी किती, या सवालाला सगळ्यांनी एकच जवाब दिलेला. एक तवा. फार तर चेपलेला तांब्या. ज्याच्या घरी तीन पिढ्यांच्या पितळेच्या उतरंडी आहेत त्याचाही तवाच. सरांनी टायची गाठ नीट केली आणि घाईघाईनं खाली आले.

"आप्पा, प्रचंड मार्केट आहे. लोकांकडे भांडीच नाहीत."

मी म्हणालो, "सर, परवा ज्याच्याकडं लग्नाला जेवलात त्याचाबी कागद बघा. शंभर पानं उठली त्याच्याकडं. तव्यावर शिजवलं का?"

त्यांनी कागद शोधला, बघितला. एक तवा. बीडला त्यांचे गाइड होते. त्यांनी ते कागद परत केले आणि सांगितलं की पाहणी राहू द्या, दुकानात एखादा नवा प्रयोग करा आणि काय घडतं ते लिहा. महिना मार्चचा होता. भिंतीवरच्या चौकटीप्रमाणे त्या महिन्यात सर पेढे वाटणार होते.

प्रयोग त्यांनी काढला एक भावाचा. सगळ्या मालावर भावाच्या चिठ्ठ्या लावायच्या. सांगायचा तोच भाव आणि घ्यायचाही तोच. घासाघीस बंद. एक पंधरवडा.

मी नाही म्हणणार होतो. पण समोरचा दुकानदार, आमच्याच भावकीतला, ऐकत होता. तो हसून म्हणाला, "आप्पाला एक भाव? दोन दिस बी जमायचं न्हाई. भाव सांगून पलटला न्हाई तर आप्पा कसला." बाजारातली चार माणसं दात काढायला लागली. मी तिथल्या तिथं सरांना म्हणालो, "लावा पाटी. पंधरा दिवस म्हंजी पंधरा दिवस."

पाटी लागली. एकच भाव. अक्षर सरांचं, लई सुबक. आणि ऐन लग्नसराई.

आमच्याकडं लग्नाची भांडी घ्यायला माणसं कशी येतात ते शहरात कळायचं नाही. नवरीचा बाप येतो, नवऱ्याकडचे येतात, शेजारचे दोघं उगाच येतात. पण खरा माणूस नवरीचा मामा. पाच भांडी त्यानं द्यायची असतात. मामानं भाव ऐकायचा, कपाळाला हात लावायचा, उठून पानाच्या टपरीपर्यंत जायचं. मी हाका मारायच्या. त्यानं यायचं नाही. मग सोयऱ्यांनी त्याला दंडाला धरून आणायचं, आणि मी शंकराची आण घालून भाव तोडायचा. तोडायचा भाव मी आधीच वर धरलेला असतो, हे मामालाही ठाऊक असतं. पण नवऱ्याकडच्यांच्या देखत मामानं दुकानदाराला नमवलं, हे घडावं लागतं. भांडी घरी गेल्यावर घासली जातात. मामाची ती गोष्ट पोरीच्या सासरी पुढं कैक वर्षं सांगतात.

तर असं एक वऱ्हाड आलं. मामा धिप्पाड, धोतराचा सोगा हातात, आवाज गल्लीभर. त्यानं हंडा वाजवून बघितला, परात उलटी केली आणि तयारीनं विचारलं, "बोला, काय घ्यायचं?"

सर पुढं झाले. "मामा, भाव चिठ्ठीवर आहे. एकच भाव."

"ते कळलं. कमी किती?"

"कमी नाही. सगळ्यांना सारखा."

मामानं माझ्याकडं बघितलं. मी वर छताकडं बघितलं. मामा म्हणाला, "मंग मला कावून आणलं? आत्याला पाठवलं असतं, चिठ्ठी वाचून पैसे दिले असते तिनं."

सोयरे हसले. मामाचं तोंड लाल झालं. तरी माणूस समजूतदार. त्यानं सरांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, असं करा. चिठ्ठीवर वाढवून लिवा. मंग मी तोडतो. तुमचा भाव तुमाला, माझी अब्रू मला."

सर घाबरले. "मामा, ते संशोधनात बसत नाही."

मामा उठला. टपरीच्या दिशेला न जाता समोरच्या दुकानात गेला. मागं सगळं वऱ्हाड. आमच्या भावकीतल्यानं दारातच त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

सर धावत रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले, परत आले. घामानं टाय अंगाला चिकटलेला. "आप्पा, पाटी काढा."

"न्हाई."

"अहो, धंदा जातोय तुमचा. माझ्यापायी नको."

"तुमच्यापायी कोण करतंय? मी बाजारात बोललोय."

रोज सकाळी ते पाटी काढा म्हणायचे आणि रोज मी ती खांद्यावरच्या टॉवेलानं पुसून पुन्हा लावायचो. वऱ्हाडं दारावरून पुढं जायची. त्या दिवसांत एकट्यादुकट्या बाया तेवढ्या यायच्या. तांड्यावरची एक बाई आलती. एरवी ती नवऱ्यामागं उभी राहायची, भाव नवरा करायचा आणि हमखास फसायचा. ती म्हणाली, "हे समद्यांना सारखंच का?" मी हो म्हणालो. तिनं कळशी उचलली, पैसे ठेवले आणि गेली. एक शब्द जास्त नाही. सर म्हणाले, "आप्पा, बघितलंत?" मी म्हणालो, "एका कळशीनं दुकान चालत न्हाई."

पंधरवडा संपला. पाटी मी माझ्या हातानं उतरवली, समोरच्याला दाखवून. मग सरांनी बाड लिहिलं. आत काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गाइडनं कळवलं की तोंडी परीक्षेला दुकानाचे मालक आले तर वजन पडेल. मी कोट घातला, डोक्याला नवा रुमाल बांधला, कपाळाला भस्म लावलं आणि दोघं एसटीनं औरंगाबादला गेलो.

खोलीत चार-पाच जण बसलेले. परीक्षक जाड चष्म्याचे. सरांना त्यांनी लई विचारलं, आणि सर एकदाही अडले नाहीत. मला अभिमान वाटत होता, माझ्या माडीवरचा माणूस म्हणून. मग परीक्षकांनी बाडातलं पाचवं प्रकरण उघडलं आणि हसत माझ्याकडं वळले.

"काय मालक, या प्रयोगानं पंधरा दिवस धंदा बसला म्हणे तुमचा?"

बसला. चार परक्या माणसांत. शिपाईसुद्धा दारातून बघत होता. आमच्या वडिलांनी ते दुकान टाकलं, तेव्हापासून ते बसलं असं कुणी तोंडावर बोललेलं नाही.

मी म्हणालो, "कोण म्हनतं? दुकान जोरात चाललं. गिऱ्हाईक मावत नव्हतं."

परीक्षकांनी चष्मा काढला. "अहवालात लिहिलंय प्रयोग फसला. मालक म्हणतात गिऱ्हाईक मावत नव्हतं. कुणीतरी एक खोटं बोलतंय. खोटा अहवाल असेल तर मी पास करू शकत नाही. बोला सर."

सरांनी माझ्याकडं बघितलं. जून तोंडावर आलेला. अध्यक्षांचा भाचा तिकडं तयार बसलेला. एवढंच म्हणायचं होतं की मालक अडाणी आहेत, त्यांना काय कळतं. कुणीही मानलं असतं.

सर म्हणाले, "दुकान त्यांचं आहे, सर. आकडे काढताना माझंच चुकलं असेल."

परीक्षक बराच वेळ पानं उलटत राहिले. सरांनी टायची गाठ धरून ठेवली होती. शेवटी परीक्षक म्हणाले, "अहो, यश मिळालं तर ते लिहायला लाजता कशाला? संध्याकाळपर्यंत हे प्रकरण दुरुस्त करून आणा."

स्टँडजवळ टायपिंगचं दुकान होतं. तिथल्या बाकड्यावर आम्ही बसलो. सर सांगायचे, टायपिस्ट बडवायचा.

"आप्पा, विक्री वाढली?"

"वाढली."

"कारण?"

"लोकांना भरवसा वाटला."

"कोणत्या लोकांना?"

"बायांना," मी म्हणालो. दुसरं कुणी आठवेना.

ज्या माणसाला एक चौकट भरायला वर्ष पुरत नव्हतं, त्यानं अख्खं प्रकरण एका बैठकीत उरकलं. कारण त्या कामाचा प्लॅन आखलेला नव्हता. सर पास झाले.

लोक म्हणतील आप्पा खोटं बोलला. मी माझ्या दुकानाविषयी बोललो. मालक आपल्या दुकानाविषयी बोलतो त्याला खोटं म्हणत नाहीत. आजही कुणी औरंगाबादला नेऊन विचारलं तर तेच सांगीन.

परतीच्या गाडीत गेवराई मागं पडल्यावर सर म्हणाले, "आप्पा, मी खरं लिहिलं होतं."

"मग कावून बदललं?"

"मी रोज पाटी काढा म्हणत होतो. तुम्ही काढली नाही. आता तुम्हालाच सगळ्यांपुढे खोटं पाडू?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

सर पर्मनंट झाले, लग्न झालं, बीडला गेले. भाच्यालाही अध्यक्षांनी चिकटवला म्हणतात, दुसऱ्या कशावर. भिंत मंडळीनं पांढरी करून घेतली. मी मिटलं म्हणून बसलो, तर पुढच्याच उन्हाळ्यात सरांनी धाडलेली पोरं दारात. त्यांच्या कॉलेजात ते बाड कपाटात ठेवलेलं, यशस्वी प्रयोग म्हणून. पोरांना ते दुकान बघायचं होतं. म्हणाली, "आप्पा, एकच भावाची पाटी कुठाय?"

आता काय सांगणार. पोटमाळ्यावरून काढली, लावली. पंधरवडा चिठ्ठ्या लावून बसलो. पोरं गेली की उतरवली. दर साली हेच. गडी माणसं ते दिवस टाळून येतात. मामालोक तर आधी माणूस पाठवून विचारतात, पाटी लागली का उतरली. बायाही विचारतात, पण उलटं. भाजी घेता घेता हाक मारतात, "आप्पा, पाटी कवा लागनार?" तांड्यावरून येतात, शेतातून परस्पर येतात, नवऱ्याला न सांगताही येतात. पहिल्या साली दोन-चार होत्या. आता त्या पंधरवड्याच्या आधी माल भरून ठेवावा लागतो. समोरच्याला वाटतं मी लग्नसराईचा भरतोय.

अलीकडं एकदा ऐन त्याच दिवसांत सर पोरांसंगं आले. केस पिकलेत, टायखाली आता शर्ट असतो. पोरांना चहाला पाठवलं आणि गल्ल्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "आप्पा, आता इथं परकं कुणी नाही. खरं सांगा. पाटीच्या दिवसांत धंदा कसा होतो?"

"पाचव्या प्रकरणात लिव्हलंय की."

त्यांना वाटलं मी जुनं काढून टोमणा मारला. हसले, मान खाली घातली आणि पोरांना बघायला टपरीकडं गेले. मी त्यांना हाक मारली नाही. गिऱ्हाईक उभं होतं.